लाल कोरिस घरी पाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानातल्या टँकमध्ये बोटाएवढं नारिंगी पिल्लू फिरत असतं. पाठीवर काळ्या काठाचे पांढरे ठिपके, अंगावर नुकतं वॉर्निश मारल्यासारखी चमक. त्याला बघून भल्याभल्यांचे पाय अडतात, माझेही अडले होते. हे पान मात्र त्या पिल्लापेक्षा पुढे तुमच्या बैठकीच्या खोलीत फिरणार असलेल्या हातभर माशाबद्दल जास्त आहे. हीच उत्तरं मी फोनवर दिली आहेत, दुकानाच्या दारात उभं राहून दिली आहेत आणि एकदा लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढली जात असतानाही दिली आहेत. खाऱ्या पाण्याच्या टँकची तुम्हाला तोंडओळख आहे, असं गृहीत धरलं आहे.

लाल कोरिस म्हणजे नेमका कोणता मासा?

रॅस हे माशांचं मोठं कुळ आहे. त्यात ५०० हून जास्त जाती आहेत. काही करंगळीएवढ्या, तर नेपोलियन रॅस दोन मीटरच्याही पुढे जातो. लाल कोरिस त्यातला मधल्या-मोठ्या गटातला. शास्त्रीय नाव कोरिस गेमार्ड. क्वॉय आणि गेमार या दोन फ्रेंच निसर्गअभ्यासकांनी १८२४ साली त्याचं वर्णन केलं, आणि नाव पडलं त्यांच्यातल्याच एकाचं. पूर्व हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटापासून प्रशांत महासागरात हवाईपर्यंत तो प्रवाळाच्या आसपास, वाळू आणि खडकांच्या सरमिसळीत राहतो. पूर्ण वाढ साधारण ४० सेंटिमीटर. पट्टी काढून एकदा बघाच, ४० सेंटिमीटर म्हणजे किती ते.

दुकानातलं नारिंगी पिल्लू म्हणजे हाच, ना?

बहुतेकदा दुकानदार तसंच सांगतो, आणि बहुतेकदा त्यालाही ठाऊक नसतं. हिंदी महासागरात याचा एक चुलतभाऊ आहे, कोरिस क्युविएरी. लाल समुद्र आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून अंदमानच्या समुद्रापर्यंत त्याचा वावर. दोघांची पिल्लं इतकी सारखी दिसतात की फोटोवरून फसायला होतं. मोठेपणी मात्र गेमार्डची शेपटी हळदीसारखी पिवळीधमक होते, क्युविएरीची होत नाही. 'दोन वर्षं झाली, शेपटी पिवळी का होत नाही, खाण्यात काही कमी पडतंय का?' असं विचारणाऱ्यांच्या घरी बहुधा चुलतभाऊच असतो. खाण्यात काही कमी नाही, मासाच वेगळा आहे.

तिसरा कोरिस फॉर्मोसा. त्याचं पिल्लू जास्त गडद असतं आणि पांढरे पट्टे पाठीवरून खाली पोटाकडे उतरतात. हा ६० सेंटिमीटरपर्यंत जातो. चौथा कोरिस आयगुला. पिल्लू पांढरं, पाठीवर दोन मोठे नारिंगी डाग आणि वरच्या परावर डोळ्यासारखे काळे ठिपके. चौघांत सगळ्यात गोंडस तेच, आणि पुढे कपाळावर टेंगूळ येऊन मीटरभराच्या वर जाणारा मासाही तोच. पांढऱ्या अंगावर नारिंगी डाग दिसले की पाकीट खिशात ठेवा आणि घरी जा.

रंग खरंच इतका बदलतो?

पार बदलतो. पिल्लू साधारण बोटभर झालं की सुरुवात होते. पांढरे ठिपके आक्रसत जातात, नारिंगी रंग मळकट होतो. मधले काही महिने मासा धड इकडचा ना तिकडचा दिसतो. माझ्या आईने या काळात मला 'आजारी आहे का रे हा?' असं तीनदा तरी विचारलं असेल. मग अंगावर, विशेषतः मागच्या बाजूला, विजेच्या निळ्या रंगाचे बारीक ठिपके उगवतात, तोंडावर नारिंगीवर हिरवे पट्टे येतात आणि शेपटी पिवळी होते. मला विचाराल तर मोठा मासा पिल्लाहून देखणा दिसतो. पण तो वेगळा मासा आहे. तुम्हाला नारिंगी पिल्लूच हवं असेल तर हा मासा घेऊ नका, क्लाऊनफिशची जोडी घ्या. ती तशीच राहते.

टँक किती मोठा लागतो? सध्या तीन फुटी आहे, नंतर मोठा करेन.

'नंतर' हा शब्द या छंदात फार महाग पडतो. हा मासा दिवसभर पोहतो, तेही एका कोपऱ्यात घुटमळत नाही, तर लांबच्या लांब चकरा मारतो. माझ्या मते सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टँक हवा, म्हणजे सुमारे ६८० लिटर. पाच फुटांत अर्धवट वाढलेला मासा काही काळ राहील. तीन फुटांत राहील, पण मग तो एकाच काचेपाशी वरखाली करत बसतो. आणि तीन फुटीतून सहा फुटीत जायचं म्हणजे फक्त मासा उचलून टाकायचा नसतो. स्टँड, सम्प (खाली ठेवायची गाळणीची टाकी), स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र), चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), सगळं नव्याने. सगळ्या खर्चात मासा सर्वात स्वस्त असतो, म्हणून तो शेवटी घ्यायचा.

सहा फुटी टँकचं वजन आमच्या घराला पेलेल का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून जरा थांबून सांगतो. नुसतं पाणीच सातशे किलोच्या घरात जातं. त्यात वाळू, दगड, काच, स्टँड आणि खालचा सम्प धरला की टनाच्या वर गेलात. हे सगळं जेमतेम बारा चौरस फुटांवर. घरातल्या खोल्यांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात धरलेला भार साधारण दर चौरस मीटरला २०० किलो असतो आणि तुमचा टँक त्याच्या चार-पाच पट भार एका जागी ठेवतोय. याचा अर्थ उद्याच स्लॅब कोसळेल असा नाही, कारण तो भार सबंध खोलीवर धरलेला असतो. पण टँक खोलीच्या मधोमध किंवा बाल्कनीच्या बाहेर आलेल्या भागावर नको. भिंतीलगत, जमल्यास तुळईवर आडवा ठेवा. इमारत तीस-चाळीस वर्षांची असेल, खालच्या मजल्याच्या छताला ओल असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी हे उत्तर वाचून हसायला हरकत नाही.

वाळू किती आणि कसली?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

कोरिस वाळूत झोपतो. पॅरटफिश किंवा काही छोटे रॅस रात्री अंगाभोवती चिकट कोष विणतात, थॅलॅसोमा जातीचे रॅस दगडांच्या फटीत शिरतात, आणि कोरिस सरळ वाळूत बुडी मारतो. माझा मासा संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला टँकच्या डाव्या कोपऱ्यावर येतो. दोन-तीन घिरट्या घालतो, एका डोळ्याने वाळू न्याहाळतो, अंग कलतं करतो आणि डोकं खाली घालून शेपटीच्या दोन झटक्यांत नाहीसा होतो. वर धुळीचा एक छोटा लोट उठतो आणि खाली बसतो. सकाळी दिवे लागल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने आधी दोन डोळे वर येतात, मग मासा.

घाबरला तरी तो हेच करतो. म्हणजे वाळू त्याचं अंथरूणही आहे आणि लपायची जागाही. ती बारीक हवी, साखरेच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान, आणि खोली ८ ते १० सेंटिमीटर. क्रश्ड कोरल म्हणून जी जाड भरड मिळते ती अजिबात नको. माझा पहिला कोरिस मी त्याच भरडीवर ठेवला होता, कारण एका दुकानदाराने ती 'फिल्ट्रेशनला चांगली' म्हणून गळ्यात मारली आणि मी काही वाचलेलं नव्हतं. रोज रात्री घुसताना त्याचं तोंड आणि पोट खरचटत गेलं. आधी ओठापाशी पांढरी खूण, मग लाल चट्टा, मग त्यात जंतुसंसर्ग. पाच आठवड्यांत गेला. दुकानदाराला दोष देऊन मी बरेच दिवस मन हलकं केलं, पण वाचायला मला कुणी बंदी केली नव्हती.

सहा फुटी टँकमध्ये सगळीकडे १० सेंटिमीटर वाळू म्हणजे दीडशे किलोच्या वर जाते. तेवढी गरज नाही. एका टोकाला दोन फूट बाय दोन फूट भाग खोल ठेवा, साठेक किलोत काम होतं. बाकी ठिकाणी दोन-तीन सेंटिमीटर पुरे. मध्ये दगडांची किंवा अ‍ॅक्रिलिकची बुटकी आडवण घाला, नाहीतर महिन्याभरात वाळू सगळीकडे सारखी पसरलेली असेल. किनाऱ्यावरची वाळू पिशवीत भरून आणू नका. त्यात काय काय मिसळलंय ते कुणी सांगू शकत नाही, आणि किनाऱ्यावरून वाळू उचलणं कायद्यातही बसत नाही.

काल आणला, आज टँकमध्ये दिसतच नाही. मेला का?

बहुतेक नाही. झोपलाय. प्रवासाने घाबरलेला कोरिस टँकमध्ये सोडल्या सोडल्या वाळूत जातो आणि दोन-तीन दिवस, कधीकधी आठवडाभर वर येत नाही. शिवाय त्याचं घड्याळ अजून मूळ गावाचंच चाललेलं असतं. तुमची दुपार संपायच्या आतच तो फिरून परत झोपत असेल.

वाळू उकरून बघू नका. हे मोठ्याने सांगावंसं वाटतं, कारण मी स्वतः चौथ्या दिवशी पळीने उकरून बघितलं होतं. मासा ठणठणीत होता, आणि माझ्या त्या उपद्व्यापानंतर आणखी पाच दिवस आत बसला. त्याऐवजी अमोनिया तपासत राहा. मासा आत मेला असेल तर आकडा सांगेल. शून्यच असेल तर दिवे थोडे मंद करा, दांडगे मासे असतील तर मध्ये जाळी लावा आणि वाट बघा.

घेताना काय बघायचं?

दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. खात नसेल तर परत या, चार दिवसांनी पुन्हा जा. पोट बघा. बाजूने आत गेलेलं, चिमटल्यासारखं नको. अगदी लहान पिल्लं, दोन इंचांच्या आतली, फार लवकर खंगतात. तीन-चार इंचांचा मासा जास्त तग धरतो. ओठ आणि खालचा जबडा बघा, कारण पिशवीत वाळू नसते आणि बिचारा तळाला मुसंडी मारत आलेला असतो. पाठीचा कणा वाकडा, किंवा पृष्ठभागापाशी तोल जाऊन लटकतोय, तर तो मासा सुधारत नाही. 'दया आली म्हणून आणला' या गोष्टीचा शेवट मी खूपदा ऐकला आहे.

हा मासा समुद्रातूनच पकडून येतो, बाजारात पाळीव पैदाशीचा मिळत नाही. फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या काही भागांत मासे पकडायला सायनाइड वापरल्याचा जुना इतिहास आहे. असा मासा वरून चांगला दिसतो आणि काही आठवड्यांनी कारण न सांगता जातो. म्हणूनही दुकानात दोन आठवडे टिकलेला आणि खाणारा मासा घ्यावा. दुकानदाराला थोडी आगाऊ रक्कम देऊन 'ठेव माझ्यासाठी' म्हणणं सोपं आहे.

खायला काय द्यायचं? बाजारातली कोळंबी चालते का?

चालते, पण नुसती कोळंबी नको. समुद्रात हा शिंपले, गोगलगायी, खेकडे, समुद्री साळू असलं कठीण कवचाचं खातो. पुढचे दात बाहेर आलेले असतात आणि घशात चक्कीसारखे दुसरे दात असतात, त्यांनी कवच भरडतो. त्यामुळे आमच्याकडचा मेनू बाजाराप्रमाणे ठरतो. तिसऱ्या मिळाल्या की अर्ध्या उघडून तशाच द्यायच्या. माकूल बारीक चिरून. ताजा जवळा स्वच्छ धुऊन. सोबत गोठवलेला मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि चांगल्या प्रतीचे पेलेट, म्हणजे तयार खाण्याच्या कोरड्या गोळ्या. बाजारातून आणलेलं सगळं आधी चांगलं धुऊन काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचं, मगच टँकमध्ये. मीठ-हळद लावलेलं काही नको. हे सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं, पण एकदा सांगावं लागलं.

नुसत्या कोळंबी-शिंपल्यांवर ठेवलं तर एक अडचण येते. यातल्या बऱ्याच गोष्टींत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, जे जीवनसत्त्व ब१ नष्ट करतं, आणि नुसतं गोठवून ते जात नाही. म्हणून पदार्थ बदलत राहा आणि आठवड्यातून दोन-तीनदा खाणं जीवनसत्त्वाच्या थेंबांत भिजवून द्या. पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, मोठ्याला दोनदा.

तिसरी देताना एकदा खुर्ची टाकून समोर बसा. माझा मासा न उघडलेली तिसरी तोंडात धरतो, टँकच्या मधल्या एका चपट्या दगडापाशी जातो आणि मान झटकून ती त्यावर आपटतो. टक्. निसटली की उचलतो, पुन्हा टक्. दरवेळी तोच दगड, त्याचीही तीच एक बाजू. त्या बाजूचं जांभळं शेवाळ झिजून दगड पांढरा पडलाय. घरी आलेली लहान मुलं टीव्ही सोडून हे बघतात.

बरोबर कोण राहील?

आधी कोण राहणार नाही ते ऐका. कोळंब्या, खेकडे, हर्मिट क्रॅब, गोगलगायी, समुद्री साळू, तारामासे आणि पिसासारखे ट्यूबवर्म. पिल्लू असताना तो यांच्याकडे बघणारही नाही. एक दिवस बघेल. साफसफाईसाठी सोडलेल्या वीस गोगलगायींची माझ्याकडे दोन महिन्यांत रिकामी कवचं उरली, तीही नीट फोडलेली.

माशांत त्याचं बऱ्यापैकी जमतं. मोठे एंजल, सर्जनफिश, रॅबिटफिश, फॉक्सफेस हे चांगले सोबती. लायनफिश चालतो, पण कोरिस त्याच्या तोंडात मावणार नाही इतका मोठा झाल्यावर. बारीक गोबी आणि ब्लेनी नकोत. दांडगे ट्रिगर लहान कोरिसला वाळूतून वर येऊ देत नाहीत. टँकमध्ये कोरिस एकच ठेवा, आणि त्याला सगळ्यांच्या आधी नव्हे, मधल्या क्रमाने सोडा.

कोरल असलेल्या रीफ टँकमध्ये चालेल?

कोरल खात नाही. पाडतो. कवडीएवढं नवं रोप दगडावर चिकटवून तुम्ही हात पुसायला वळलात की तो त्याखाली काय आहे ते बघायला आलेला असतो.

दगड उलटतो म्हणतात, ते किती खरं?

पिल्लू खडे उलटतं, मोठा मासा नारळाएवढे दगड सरकवतो. त्याखाली किडे सापडतात, म्हणून. त्यामुळे रचनेचा क्रम महत्त्वाचा आहे. मोठे दगड आधी, थेट तळाच्या काचेवर किंवा पातळ अ‍ॅक्रिलिक पत्र्यावर बसवा, मग भोवती वाळू भरा. वाळूवर दगड ठेवलात तर तो खालून पोखरेल, आणि ढिगारा काचेवर किंवा त्याच्याच अंगावर येईल. वरचे दगड इपॉक्सीने किंवा आरपार अ‍ॅक्रिलिकच्या काडीने जोडा. आणि दगड म्हणून जिवंत किंवा नुकतं मेलेलं कोरल समुद्रातून उचलू नका. आपल्याकडे सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. कृत्रिम किंवा कोरडा सच्छिद्र दगड घ्या, तोही सहा महिन्यांत जांभळा होतो.

झाकण लागतंच का? उघडा टँक छान दिसतो.

लागतंच. माझा दुसरा कोरिस पाण्याच्या पाइपसाठी ठेवलेल्या तीन बोटांच्या फटीतून गेला. सकाळी स्टँडमागे सापडला, झाडू मारताना. घाबरलेला रॅस सरळ वर उडतो, आणि आश्चर्य म्हणजे त्याला नेमकी फट सापडते. बारीक जाळीचं झाकण करून घ्या. हवा जाते, उजेड जातो, मासा जात नाही.

पाणी कसं ठेवायचं? जुहूच्या समुद्राचं आणलं तर?

नको. किनाऱ्यालगतचं पाणी शहराचं सांडपाणी पोटात घेऊन आलेलं असतं आणि पावसाळ्यात त्याची क्षारता कोसळते. आरओ-डीआयचं शून्य टीडीएस पाणी, म्हणजे गाळून विरघळलेले सगळे क्षार काढलेलं, आणि पाकिटातलं समुद्री मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. ६८० लिटर भरायला सुमारे २४ किलो मीठ लागतं, त्याचा हिशोब आधीच करा. विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५, तापमान २४ ते २७ अंश, पीएच ८.१ ते ८.४. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या आसपास असलं तरी हा मासा कुरकुर करत नाही, पण तो खातो खूप आणि घाणही तेवढीच करतो, म्हणून स्किमर टँकच्या मापापेक्षा एक नंबर मोठा घ्या. टँक नवा असेल तर मासा आणण्याआधी चार ते सहा आठवडे सायकल पूर्ण होऊ द्या, म्हणजे अमोनिया फस्त करणारे जिवाणू टँकमध्ये वाढू द्या. बाष्पीभवनाने कमी झालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचं पाणी घालायचं, मिठाचं नाही. मीठ उडून जात नाही.

मे महिन्यात काय करायचं?

पुण्यात किंवा नागपुरात, हवा कोरडी असेपर्यंत, पाण्यावर पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात. मुंबईत, कोकणात, गोव्यात हवाच दमट, पाणी उडत नाही, म्हणून पंखा फारसा कामाचा नाही. तिथे चिलर. चिलर खोलीत गरम हवा सोडतो हे लक्षात ठेवा. बंद कपाटात ठेवलात तर तो स्वतःशीच भांडत बसतो.

पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि त्यात वीज गेली तर मोठे मासे आधी धापा टाकतात. सगळं इन्व्हर्टरवर घेणं परवडत नाही, गरजही नाही. एक वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप) आणि एक बॅटरीवरचा एअरपंप पुरतो. वेव्हमेकरचं तोंड पृष्ठभागाकडे वळवून ठेवा.

क्वारंटाइनमध्ये वाळू कशी ठेवायची? औषध तर वाळू नसलेल्या टँकमध्ये देतात.

योग्य प्रश्न. काचेचं बेकिंगचं भांडं किंवा पसरट प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात बोटभर खोल बारीक सिलिका वाळू भरा आणि तळाशी ठेवा. मासा पहिल्या रात्रीच शोधतो. चुनखडीची, म्हणजे अ‍ॅरागोनाइटची वाळू इथे नको. ती तांबं शोषून घेते आणि औषधाची मात्रा तुमच्या नकळत खाली येते.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, ज्याला सगळे इच म्हणतात, तो क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या परजीवीचा. त्याच्या आयुष्याचा एक टप्पा माशावर नसतो, तळाला आणि वाळूत असतो, आणि कोरिस तर वाळूतच झोपतो. तांब्याचं औषध देणार असाल तर मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा आणि रोज टेस्ट किटने मोजा, अंदाजपंचे नाही. औषधाविना करायचं असेल तर दर तीन दिवसांनी मासा दुसऱ्या, आधी स्वच्छ करून कोरडा केलेल्या आणि मग ताजं पाणी भरलेल्या टबात हलवायचा, असं चार वेळा. वाळूचं भांडंही प्रत्येक वेळी नवं. मी हाच मार्ग वापरतो. कंटाळवाणा आहे. मुख्य टँकमध्ये रोग शिरलाच असेल तर तो अडीच महिने माशांविना ठेवावा लागतो, त्यापुढे बारा दिवसांचा कंटाळा काहीच नाही.

नर की मादी? जोडी ठेवून पिल्लं होतील?

हे मासे आधी मादी असतात, पुढे त्यातले काही नर होतात. घरी पैदास होत नाही. अंडी पाण्यात सोडली जातात आणि सूक्ष्म पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जातात, ते टँकमध्ये साधत नाही.

मालवणला स्नॉर्केलिंग करताना हिरवा-निळा रॅस दिसला. तो पकडून आणता येईल?

शेपटीत पिवळी चंद्रकोर होती का? मग तो मून रॅस, थॅलॅसोमा लुनारे. लाल समुद्रापासून प्रशांतपर्यंत सगळीकडे असतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं आहे, तिथून काहीही उचलणं गुन्हा आहे. दुकानात हाच मासा रास्त भावात मिळतो. कोरिसपेक्षा काटक, खोल वाळूची गरज नाही, पण स्वभावाने गुंड. वर्षभरात टँकचा मालक होतो आणि नव्या माशाला पहिल्याच दिवशी फाडतो. घ्यायचाच असेल तर सगळ्यात शेवटी सोडा.

नेपोलियन रॅस पाळता येतो का?

नाही. दोन मीटर आणि दीडशे किलोच्या पुढे जाणारा, धोक्यात आलेला मासा आहे. २००४ पासून साइटीसच्या (धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जाती आपल्या वन्यजीव कायद्याच्या कक्षेतही आल्या. 'ओळखीने मिळतोय' म्हणणाऱ्याशी ओळख कमी करा.

मासा मोठा झाला, आता झेपत नाही. समुद्रात सोडू?

कृपा करून नाही. टँकमधला मासा टँकमधले रोगही नेतो, आणि हा मुळात आपल्या किनाऱ्याचा नाही. पाळलेला लायनफिश अटलांटिकमध्ये सुटला आणि १९८० च्या दशकापासून तिथे काय झालं ते शोधून वाचा. प्रदर्शनातली मत्स्यालयं घरचे मासे सहसा घेत नाहीत, त्यांच्याकडे असे फोन रोज येतात. मोठा टँक असलेला छंदी गाठा, दुकानदाराला फुकट द्या, वाहतूक स्वतः करा. लायक घर मिळायला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा शोध आधीच सुरू करा.

गणपतीला दहा दिवस गावी जातो. काय व्यवस्था करायची?

निघण्याआधी आठवडाभर नवीन काही करू नका. नवा मासा नाही, नवं यंत्र नाही. पाणी आपोआप भरणारी यंत्रणा तीन दिवस डोळ्यांसमोर चालवून बघा आणि तिची टाकी दहा दिवस पुरते का ते मोजा. ऑटोफीडरमध्ये पेलेट भरून तोंड सम्प किंवा स्किमरच्या दमट वाफेपासून दूर ठेवा, नाहीतर लगदा होतो.

शेजारच्या काकूंना किल्ली देणार असाल तर डबाभर खाणं देऊ नका. काकू प्रेमळ असतात. आमच्या काकूंनी 'तोंड वासून काचेपाशी येत होता, उपाशी वाटला' म्हणून पाच दिवसांचं खाणं दोन दिवसांत घातलं आणि आम्ही परतलो तेव्हा पाणी दुधाळ झालं होतं. आता मी मायसिस आणि माकूल छोट्या पाकिटांत बांधतो, प्रत्येकावर तारीख लिहितो, दिवसाआड एक. वेव्हमेकर बंद पडला तर कुणाला फोन करायचा तो नंबर काचेवर चिकटवतो. आणि ठळक अक्षरांत एक ओळ: संध्याकाळी मासा दिसला नाही तर घाबरू नका, झोपलाय, वाळू उकरू नका.